डिशवॉशरच्या वरच्या रॅकमधील भांडी पुन्हा पुन्हा अस्वच्छ का निघतात?

खालच्या रॅकमधील पातेली आणि ताटे लख्ख निघतात, पण वरच्या रॅकमधील पेल्यांच्या तळाशी चहाचा डाग, वाट्यांच्या आतल्या बाजूला वाळलेल्या वरणाचा पापुद्रा किंवा फुलपात्रांवर खरखरीत पांढरा थर तसाच राहतो, अशी तक्रार मराठवाड्यात डिशवॉशर वापरणाऱ्या घरांतून नेहमी ऐकू येते. त्यावर सहसा सांगितला जाणारा उपाय म्हणजे वरचा स्प्रे आर्म (म्हणजे भांड्यांवर पाण्याच्या धारा सोडणारा फिरता दांडा) काढून त्याची छिद्रे टोकरणे. हा उपाय चुकीचा नाही आणि त्याने काही आठवडे फरकही पडतो. मात्र त्यानंतर तीच तक्रार पुन्हा सुरू होत असेल, तर त्या छिद्रांत साचणारा मळ येतो कोठून याचा शोध घेतला पाहिजे. आपल्या भागात तो शोध बहुतेक वेळा मशीनला मिळणाऱ्या पाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

मशीनच्या आत पाण्याचा प्रवास कसा होतो हे समजले की बाकीची तपासणी सोपी होते. तळाशी साठलेले पाणी गाळणीतून पंपाकडे जाते आणि पंप ते स्प्रे आर्ममध्ये ढकलतो. खालचा आर्म पंपाच्या अगदी जवळ असतो. वरच्या आर्मला मात्र तेच पाणी मागच्या भिंतीलगतच्या उभ्या नळीतून वर चढून, रॅकच्या मागील जोडातून आत शिरल्यावर मिळते. कालव्याला आवर्तन सुटते तेव्हा पाणी कमी असल्याची झळ हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या शेताला लागत नाही, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला लागते. वरच्या रॅकची गत त्याच टेलच्या शेतासारखी आहे. पाणी कमी भरले, गाळणी तुंबली, फेस झाला, जोड गळू लागला किंवा पंप थकला, यांपैकी काहीही झाले तरी ते सर्वांत आधी वरच्या रॅकमध्ये दिसते. त्यामुळे दोष दिसला वर म्हणून तो वरच असेल, असे गृहीत धरू नये.

डाग कसला आहे, ते आधी पाहावे

मशीनला हात लावण्यापूर्वी अस्वच्छ भांडे उजेडात धरून पाहावे, कारण पुढची निम्मी दिशा त्यावरूनच ठरते. पांढरट थर असेल तर त्यावर लिंबाची फोड चोळावी. थर निघून गेला तर तो क्षाराचा आहे, आणि प्रश्न पाण्याच्या जडपणाचा किंवा पाणी मऊ करण्यासाठी मशीनमध्ये घालतात त्या मिठाचा आहे. काचेच्या पेल्यावरील धूसरपणा लिंबाने जराही कमी झाला नाही, तर ती काचेची झीज असू शकते आणि ती कोणत्याही उपायाने भरून येत नाही. वाटीत रवाळ कण चिकटलेले असतील, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाचे कण, मोहरी किंवा डाळीची साल, तर तेच पाणी न गाळता फिरत आहे आणि गाळणी पाहिली पाहिजे. अन्न जसे वाळले होते तसेच एका बाजूला शाबूत असेल, तर त्या जागी पाणी पोहोचलेलेच नाही. प्लॅस्टिकच्या डब्यावर हळदीचा पिवळा रंग राहिला असेल, तर तो मशीनचा दोष मानण्याचे कारण नाही.

काही साध्या गोष्टी येथेच वगळून टाकाव्यात. अनेक मशीनमध्ये अर्धा भार किंवा एकाच रॅकची धुलाई असा पर्याय असतो. ते बटण चुकून दाबलेले राहिले तर वरच्या रॅकला पाणी कमी मिळते किंवा मिळतच नाही. झटपट धुण्याचा कार्यक्रम लावला असेल तर त्यात पाणी पुरेसे तापत नाही, डिटर्जंटची वडी पूर्ण विरघळत नाही आणि येसराच्या आमटीसारखा पिठूळ, घट्ट पदार्थ वाटीला धरून राहतो. अशा भांड्यांना साठ-पासष्ट अंशांचा लांब कार्यक्रमच लागतो.

भांडी लावण्याची पद्धत

आपली भांडी युरोपातील बशा आणि कपांपेक्षा वेगळी आहेत आणि रॅक मात्र मूळ त्या बशा-कपांच्या हिशेबाने बनलेले असतात. वाट्या सपाट उपड्या घातल्या की त्यांच्या काठाखाली पाण्याला शिरायला पुरेशी फट मिळत नाही आणि आत चढलेले खरकटे पाणी खाली उतरायलाही जागा कमी राहते. म्हणून वाटी थोडी तिरकी, तोंड खाली आणि मधल्या भागाकडे झुकलेली ठेवावी. वाट्या किंवा पेले एकात एक घातले तर आतले भांडे धुतले जाणार नाही. अरुंद तोंडाचा तांब्या वरच्या रॅकमध्ये नीट धुतला जाण्याची अपेक्षाच ठेवू नये, कारण फिरत्या आर्ममधील धार त्याच्या तोंडात क्षणभरच शिरते.

खालच्या रॅकमध्ये काय ठेवले आहे याचाही परिणाम वर होतो. उभी लावलेली परात किंवा चमच्यांच्या डब्यात दांडा वर करून ठेवलेली पळी आणि झारा वरच्या आर्मला अडकतात. आर्म एकाच जागी थांबून राहिला की त्याच्या समोरची दोन-तीन भांडी चकाकतात आणि बाकीची तशीच राहतात. भांडी लावून झाल्यावर दोन्ही आर्म हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावेत आणि मगच दार लावावे. काही मशीनमध्ये वरच्या आर्मला पाणी मागच्या नळीतून न येता खालच्या आर्मच्या मधोमध उभ्या असलेल्या नळकांड्यातून येते. अशा मशीनमध्ये मध्यभागी पालथे घातलेले मोठे पातेले वरच्या रॅकचे सगळे पाणी अडवते. आपले मशीन कोणत्या प्रकारचे आहे, हे खालचा रॅक बाहेर ओढून पाहिले की लगेच कळते.

पाणी पोहोचते की नाही

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. वरच्या रॅकच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक रिकामी वाटी तोंड वर करून ठेवावी, नेहमीचा कार्यक्रम लावावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी मशीन थांबवून, वाफ निवल्यावर दार उघडावे. सगळ्या वाट्यांत कमी-अधिक पाणी असेल तर आर्म फिरतो आहे. एकाच बाजूच्या वाट्या भरल्या आणि दुसऱ्या बाजूच्या कोरड्या राहिल्या, तर आर्म अडकलेला आहे किंवा त्याच्या एका अंगाची छिद्रे बंद आहेत. सगळ्याच कोरड्या असतील, तर पाणी आर्मपर्यंत येतच नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये पाणी आळीपाळीने कधी खालच्या, कधी वरच्या आर्मला दिले जाते, त्यामुळे दोन मिनिटांत दार उघडून आर्म फिरत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आर्म काढताना मशीनचा प्लग काढून ठेवावा. बहुतेक आर्म मधली चकती फिरवून किंवा खटका दाबून निघतात. जोर लावण्याची वेळ आली तर आपण चुकीच्या दिशेने फिरवत आहोत असे समजावे. आर्म नळाखाली धरून हलवला की आत अडकलेली लिंबाची बी, जिरे, शेंगदाण्याचे फोलपट असे बरेच काही आत खुळखुळते. ते टाचणीने आत ढकलू नये, सुईच्या टोकाने बाहेर ओढावे किंवा आर्म उलटा धरून झटकून काढावे. छिद्रांच्या कडेला पांढरे कडे जमले असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून आर्म त्यात काही तास बुडवून ठेवावा. तारेने किंवा ड्रिलने छिद्र मोठे करू नये, कारण धारेचा कोन आणि जोर दोन्ही बिघडतात, आणि आर्म फिरतो तोच मुळी तिरक्या धारांच्या रेट्याने.

आर्म स्वच्छ असूनही वाट्या कोरड्या राहत असतील तर रॅकच्या मागील जोडाकडे वळावे. माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खाली पाच लिटरचा कुकर किंवा मोठी कढई बसावी म्हणून वरचा रॅक उचलला जातो, आणि पुष्कळदा एका बाजूचा खटका लागतो, दुसरी बाजू खालच्याच खाचेत राहते. रॅक तिरका झाला की आर्मची नळी मागच्या भिंतीवरील तोंडात सरळ बसत नाही आणि पाणी तेथूनच बाजूला उडून जाते. ज्या मशीनमध्ये दोन उंचींसाठी दोन तोंडे असतात, तेथे वापरात नसलेले तोंड बंद ठेवणारी रबरी किंवा प्लॅस्टिकची झडप तुटलेली असली तरी हेच घडते. रॅक पूर्ण आत ढकलल्यावर दोन्ही बाजू समपातळीत आहेत ना, आणि जोडावरचे रबर चिरलेले किंवा क्षाराने कडक झालेले नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. बऱ्याच मशीनमध्ये हे रबर सुटे मिळते.

गाळणी आणि फेस

गाळणीबाबत लोक एकच गोष्ट करतात, ती म्हणजे धुणे. त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ती पुन्हा नीट बसवणे. उभी नळकांडी गाळणी फिरवून खटका लागेपर्यंत बसली नाही, तर तिच्या कडेने खरकटे थेट पंपात जाते आणि तेथून आर्ममध्ये. वरच्या आर्मची छिद्रे एकदा साफ केल्यावर आठ-पंधरा दिवसांतच पुन्हा अन्नकणांनी बंद होत असतील, तर गाळणी अर्धवट बसलेली आहे किंवा तिची जाळी फाटली आहे. धुताना तारेची घासणी वापरू नये. मऊ ब्रश आणि कोमट पाणी पुरेसे आहे.

फेसाचे कारण आपल्याकडे विशेष आढळते. भांडी मशीनमध्ये घालण्यापूर्वी साबणाच्या वडीने किंवा द्रव साबणाने एकदा घासून घेण्याची सवय जुनी आहे, आणि तो साबण नीट न खंगाळता भांडी आत गेली की मशीनमध्ये फेस तयार होतो. पंपात पाण्याबरोबर हवा जाऊ लागते, आवाज एकसारखा न राहता घरघर येतो आणि पाणी वर चढण्याइतका दाब तयार होत नाही. मशीन चालू असताना असा आवाज आला तर थांबवून दार उघडावे. आत फेसाचा थर दिसला तर पाणी काढून टाकून, डिटर्जंट न घालता केवळ खंगाळण्याचा कार्यक्रम चालवावा. भांडी आधी घासण्याची गरज नाही. उष्टे खरवडून काढले की पुरे.

टाकी, दाब आणि गाळ

फेस नसताना घरघर येत असेल तर पाणी कमी भरत असण्याची शक्यता असते. धुलाई मध्येच थांबवून दार उघडल्यावर तळाशी, गाळणीच्या जरा वरपर्यंत पाणी उभे दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर येणाऱ्या पाण्याकडे पाहावे. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो आणि तो सहसा 0.3 ते 0.5 बार इतका असतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक बार दाब देतो. एकमजली घरात स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतील पाण्याची पातळी स्वयंपाकघरातील तोटीपेक्षा चार मीटर उंच धरली तर मिळणारा दाब 0.4 बार होतो, आणि पाइपातील वळणे व जुनी गंजलेली तोटी त्यातूनही काही खातात. टाकी भरलेली असताना भांडी स्वच्छ आणि पाणी तळाला गेल्यावर अस्वच्छ निघत असतील, तर कारण येथेच आहे. टाकी लोखंडी स्टँडवर आणखी वर नेणे किंवा मशीनच्या वाटेवर लहान प्रेशर पंप बसवणे, हे दोनच खरे उपाय आहेत. मशीन थेट नगरपालिकेच्या नळाला जोडलेले असेल आणि पाणी काही दिवसांआड येत असेल, तर ती जोडणी बदलून टाकीवरून घ्यावी.

गाळाचा प्रश्न पावसाळ्यात आणि टँकरच्या दिवसांत वाढतो. पाणी हौदात, हौदातून टाकीत आणि टाकीच्या तळातून मशीनमध्ये येते, तेव्हा तळाचा मऊ गाळही सोबत येतो. मशीनच्या पाइपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तोटी बंद करून, पाइप काढून ती जाळी धुवावी, आणि पाण्याचा स्रोत बदलला की पुन्हा पाहावी. तोटी आणि मशीन यांच्यामध्ये गाळाचा साधा फिल्टर बसवणे उपयुक्त आहे, मात्र तो तुंबला की दाब कमी होतो, म्हणून दाब आधीच जेमतेम असलेल्या घरात त्याचे काडतूस, म्हणजे आतला गाळणारा भाग, वेळेवर बदलावे लागते.

जड पाणी: तक्रार परत येण्याचे मुख्य कारण

मराठवाड्याचा बहुतेक भाग बसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय मानला जातो. पिण्यासाठी चालवून घेतलेले हे पाणी डिशवॉशरमध्ये तापले की त्यातील क्षार आर्मच्या छिद्रांशी, हीटरवर आणि पेल्यांवर बसतात.

यासाठीच बहुतेक मशीनमध्ये पाणी मऊ करणारा भाग असतो. त्यातील रेझिन (बारीक मण्यांच्या रूपातील पदार्थ) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते. रेझिन भरून गेले की मिठाच्या पाण्याने ते धुऊन पुन्हा ताजे केले जाते. किती पाण्यानंतर ते धुवायचे, हे मशीन सहसा स्वतः ओळखत नाही. आपण ठरवून दिलेल्या जडपणाच्या पातळीवरून ते हिशेब करते. बोअरच्या पाण्यासाठी ही पातळी फारच कमी ठेवलेली असली, तर रेझिन थकल्यानंतरही बराच काळ जड पाणी तसेच आत येत राहते. मीठ भरलेले आहे, मीठ संपल्याचे दाखवणारा दिवा लागलेला नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे घरात वाटते. खरे तर बोअरच्या पाण्यावर मीठ महिनोन्महिने पुरत असेल, तर ती काटकसर नव्हे, पातळी चुकल्याची खूण आहे.

पातळी ठरवण्यासाठी आधी पाण्याचा जडपणा माहीत हवा. आरओ बसवणाऱ्याकडचे टीडीएस मीटर येथे कामाचे नाही, कारण ते विरघळलेले सर्व क्षार एकत्र मोजते. पाणी मऊ केल्यानंतर कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो आणि टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. जडपणा मोजण्याच्या पट्ट्या किंवा थेंबांचा संच विकत मिळतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पाणी तपासून घेता येते. अहवालात टोटल हार्डनेस लिटरला मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो, पुस्तिकेत मात्र जर्मन अंश, फ्रेंच अंश किंवा मिलिमोल यांपैकी काहीतरी असते, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला 17.8 ने भागले की जर्मन अंश मिळतात, 10 ने भागले की फ्रेंच अंश आणि 100 ने भागले की लिटरला मिलिमोल. अहवालात 450 मिलिग्रॅम असेल तर ते सुमारे 25 जर्मन अंश, 45 फ्रेंच अंश किंवा 4.5 मिलिमोल होतात. पाणी कधी धरणाचे, कधी बोअरचे आणि कधी टँकरचे असेल, तर त्यांतील सर्वांत जड पाण्याच्या हिशेबाने पातळी ठेवावी. मीठ थोडे जास्त लागेल, पण छिद्रे मोकळी राहतील. संपूर्ण घराला वेगळे सॉफ्टनर बसवलेले असेल तर मात्र मशीनची पातळी त्यानुसार खाली आणावी.

मीठ डिशवॉशरचेच, जाड दाण्याचे घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठातील आयोडिन आणि मीठ मोकळे राहण्यासाठी घातलेली द्रव्ये या भागासाठी योग्य नसतात. मीठ भरल्यावर झाकण घट्ट लावून लगेच एक कार्यक्रम चालवावा, म्हणजे सांडलेले खारे पाणी स्टीलवर राहून गंज धरणार नाही. झाकण सैल राहिले तर खारे पाणी धुलाईच्या पाण्यात झिरपते आणि सगळ्या भांड्यांवर पांढरी भुकटी दिसते; ती चवीला खारट लागते, यावरून क्षाराच्या थरापासून वेगळी ओळखता येते. सगळे काही एकाच वडीत असल्याचे सांगणाऱ्या डिटर्जंटवर विसंबून मीठ बंद करण्याचा मोह टाळावा. अशा वड्या साधारण 21 जर्मन अंशांपर्यंतच, म्हणजे लिटरला सुमारे 375 मिलिग्रॅमपर्यंतच पुरेशा मानल्या जातात, आणि आपल्याकडचे अनेक बोअर त्यापुढचे आहेत. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओमधून बाहेर पडणारे पाणी साठवून मशीनला देण्याची कल्पनाही सोडून द्यावी. ते मूळ पाण्यापेक्षा जास्त जड असते. त्याने फरशी पुसावी.

पातळी दुरुस्त केल्यावर जुना थर आपोआप जात नाही. मशीन रिकामे ठेवून, डिटर्जंट न घालता, क्षार काढणारे द्रव्य किंवा लिंबूसत्त्व घालून सर्वांत गरम कार्यक्रम एकदा चालवावा. डिटर्जंट अल्कधर्मी असल्याने दोन्ही एकत्र घातले तर एकमेकांचा परिणाम मारतात, आणि ब्लीचसोबत तर कोणतेही आम्ल कधीही वापरू नये.

टेक्निशियनला बोलवावे तेव्हा

आर्म आणि गाळणी स्वच्छ आहेत, रॅक समपातळीत आहे, तळाशी पाणी पुरेसे उभे आहे, फेस नाही, आणि तरीही वरच्या वाट्या कोरड्या राहत असतील, तर उरतात ती आतली कारणे. पाणी खाली-वर वळवणारी झडप अडकलेली असते, पंपाच्या पात्यांत काचेचा तुकडा किंवा खडा बसलेला असतो, किंवा पंपच झिजलेला असतो. यासाठी मशीन खालून उघडावे लागते आणि हमीच्या काळात ते स्वतः करू नये. टेक्निशियनला केवळ भांडी नीट धुतली जात नाहीत असे न सांगता, वाट्यांच्या चाचणीत काय दिसले, तळाशी पाणी किती होते आणि आवाज कसा येत होता, हे सांगावे, म्हणजे तो पुन्हा आर्म साफ करून परत जाणार नाही. तो आलेला असतानाच जडपणाची पातळी कोणत्या आकड्यावर आहे, हे त्याला पडद्यावर किंवा दिव्यांवर दाखवायला सांगावे आणि तो आकडा आपल्या पाण्याच्या अहवालाशी ताडून पाहावा. नवा पंप बसवून जुनीच पातळी ठेवली, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच छिद्रांवर तोच पांढरा थर पुन्हा बसतो.